मागच्या ‘ॲडजस्टेबल’ आर्मला आटेच नव्हते

महिंद्रा थारला दोन इंचांची लिफ्ट किट (गाडी उंच करायचे पार्ट) टाकल्यापासून सोलापूरच्या विजापूर रोडला सत्तरच्या पुढं काटा गेला की खालून थरथर यायची. शहरातल्याच एका मॉडिफिकेशनवाल्यानं गाडी बघितली आणि मागचे कंट्रोल आर्म, म्हणजे ॲक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे, बदलायला सांगितलं. त्यानं दिलेलं कारण खरं होतं, म्हणूनच पुढचं सगळं खपलं.

२०२० पासूनच्या थारला मागं पाटे नाहीत. अखंड ॲक्सल कॉइल स्प्रिंगवर असतो आणि त्याला जागेवर धरतात ते हे आर्म आणि ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा एक आडवा पॅनहार्ड रॉड. गाडी उचलली की आर्म जास्त तिरके होतात, ॲक्सल किंचित पुढं ओढला जातो, डिफरन्सचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तोंड फिरतं आणि तिथवर ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन जुळेनासे होतात. लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म टाकले की हे कोन परत बसवता येतात. दोन इंचांना ते प्रत्येक गाडीला लागतातच असं नाही, पण ते सांगून त्याचा धंदा कसा होणार!

त्यानं ३८,००० घेतले, ‘बाहेरचा माल’ म्हणून. जुने आर्म मागितले तर म्हणे भंगारात गेले. बिलाऐवजी एक चिठ्ठी, तीवर ‘सस्पेन्शन सेटिंग’ एवढंच. सोबत चाकांच्या अलाइनमेंटचा रंगीत प्रिंट.

थरथर मात्र होती तशीच, वर स्टिअरिंग वाकडं धरलं तर गाडी सरळ चालायला लागली. तक्रार केली तर, “अण्णा, थोडी पळू द्या, बुश बसले की जाईल.” बुश म्हणजे आर्मच्या टोकांचे रबरी सांधे. नंतर टायर बॅलन्सिंगचे वेगळे पैसे.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, आर्मवर तारेचा ब्रश मारला आणि काळ्या रंगाखालून वेल्डिंगचा जोड निघाला. “मालक, ह्याला ना आटे, ना चेकनट. ॲडजस्ट कशानं करणार?” कंपनीचेच आर्म मधून कापून, पाईपचा तुकडा घालून जोडले होते. भंगारात गेलेले आर्म माझ्याच गाडीखाली होते! वेल्डिंगच्या उष्णतेनं एका बुशचं रबर करपलेलं. बुशच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावला तर डावा आर्म उजव्यापेक्षा लांब. म्हणजे ॲक्सल तिरका, आणि स्टिअरिंग वाकडं का, तेही कळलं. पॅनहार्ड रॉडला तर हातही लावलेला नव्हता. ब्रेक मारल्यावर आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर सगळा जोर ह्याच आर्मवर येतो. हायवेला तो जोड सुटला असता तर मागची चाकं गाडीला कुठंही घेऊन गेली असती.

प्रिंटची गंमत त्याहून भारी. त्यात मागच्या दोन्ही चाकांचा टो (चाक आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) आधी लाल, नंतर हिरवा, आणि दोन्हींची बेरीजही बदललेली. अखंड ॲक्सलवर ती बेरीज हाऊसिंगमध्येच ठरलेली असते, आर्म फिरवून बदलत नाही. तो कागद दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. वर माझा नंबरही नव्हता.

पैसे परत मागितले तेव्हा त्यानं सूर बदलला. “तक्रार करा की. लिफ्टच बेकायदा आहे, दंड तुम्हालाच बसेल.” ही धमकी निव्वळ पोकळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. असे लोक त्याच भीतीवर जगतात. पण त्यानं माल एक सांगून दुसरा दिला, हा व्यवहार वेगळा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कापलेले आर्म मी घरी ठेवलेत.

मिस्त्रींनी कंपनीचे नवे आर्म टाकले आणि लिफ्ट उतरवली. बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळले; हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. थरथर गेली.

तुम्ही अशा ठिकाणी आर्म टाकून घेतले असतील तर टॉर्च घेऊन गाडीखाली जा आणि आटे दिसतात का बघा. नंतर दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, स्टिअरिंग सरळ ठेवून. दोन्ही मापांत चांगलाच फरक आला तर ॲक्सल तिरका बसलाय.