फेटचं वेक्टर ॲडिशन सिम्युलेशन : फुकट आहे, वापराच

कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET, विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स बनवणारा प्रकल्प) वाल्यांचं हे सिम्युलेशन ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल वगैरे काही नाही. वेक्टर म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी, ती इथे बाणाने दाखवतात. हे बाण ओढून ग्रिडवर टाकायचे आणि बेरजेचा बाण ऑन करायचा, मग एक बाण फिरवत बसलं की बेरीज कशी बदलते ते लगेच दिसतं, म्हणजे 3 आणि 4 लांबीचे बाण एकाच दिशेला असतील तर बेरीज 7, काटकोनात 5, उलट दिशेला फक्त 1, हे पुस्तकात दहादा वाचूनही डोक्यात बसत नाही ते इथे पटकन बसतं.

मला सगळ्यात आवडलं ते कंपोनंट (बाणाचे आडवा एक्स आणि उभा वाय असे दोन भाग) दाखवायचं बटण. सगळ्या बाणांच्या एक्सची बेरीज वेगळी, वायची वेगळी करा, झालं काम. शिवाय बाण डावीकडे खाली नेऊन बघा, एक्स -3 आणि वाय -4 असेल तर कॅल्क्युलेटरचं टॅन इन्व्हर्स (वाय भागिले एक्सवरून कोन काढणारं बटण) 53 अंश सांगतं पण उजवीकडच्या एक्स अक्षापासून मोजलेला खरा कोन 233 असतो, यात भलेभले फसतात!

वजाबाकीसाठी इक्वेशन्सची स्क्रीन आहे, ठीकठाक. डॉट-क्रॉस प्रॉडक्ट (वेक्टरच्या गुणाकाराचे दोन प्रकार) मात्र यात शोधू नका. आणि हो, वहीत आकृती काढायचा कंटाळा करू नका, परीक्षेत माउस मिळत नाही 😄