डेक्सचा व्हॉल्यूम कुठून ओढायचा? डिफायलामा, ड्यून की सबग्राफ

डेक्सच्या (मध्ये कंपनी नसलेल्या, ब्लॉकचेनवर चालणाऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या) ट्रेडिंग व्हॉल्यूमचा डेटा स्क्रिप्टमधून रोज आपोआप यायला हवाय, वेबसाइट उघडून आकडे टाइप करत बसायचं नाहीये, असं असेल तर फिरून फिरून तीन नावं समोर येतात: डिफायलामाची एपीआय (तयार क्रिप्टो आकडे थेट स्क्रिप्टला देणारी सोय), ड्यून (जिथे ब्लॉकचेनच्या डेटावर आपणच क्वेरी चालवतो), आणि द ग्राफवरचे सबग्राफ (एकेका प्रोजेक्टचा चेनवरचा डेटा नीट लावून ठेवलेले साठे). तिन्ही वापरून झालेत, सध्या एकावर स्थिरावलोय, पण कुठल्या ते लगेच सांगत नाही कारण तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

सबग्राफचं आधी उरकून टाकतो. एकाच डेक्सच्या एकाच चेनवर (ब्लॉकचेनवर) खोल काम करायचं असेल, म्हणजे अमुक पूलचा (टोकनच्या ज्या साठ्यातून अदलाबदल होते त्याचा) रोजचा व्हॉल्यूम, फी, लिक्विडिटी (त्यात पडून असलेला पैसा) एकदम हवी असेल, तर सबग्राफची क्वेरीभाषा ग्राफक्यूएल छानच आहे, पाहिजे तेवढीच फील्ड्स मागता येतात. पण प्रत्येक डेक्सचा, प्रत्येक चेनचा, प्रत्येक व्हर्जनचा सबग्राफ वेगळा, त्यातली फील्ड्सची नावं वेगळी, आणि एका वेळी जास्तीत जास्त 1000 ओळी मिळतात म्हणून पुढची पानं ओढायचा कोड आपणच लिहायचा. शिवाय जुने ट्युटोरियल बघून सुरुवात करणार असाल तर एक लक्षात ठेवा, द ग्राफची ती फुकटची होस्टेड सर्व्हिस 2024 च्या जूनमध्ये बंद झाली, त्यामुळे तिथल्या लिंका आता चालत नाहीत, नेटवर्कवर जाऊन एपीआय की घ्यावी लागते.

आणि सबग्राफमधल्या व्हॉल्यूमची व्याख्या ज्याने तो लिहिला त्याची असते. युनिस्वॅप नावाच्या डेक्सच्या व्ही2 चंच घ्या, त्यात ठरावीक टोकनची एक व्हाइटलिस्ट आहे, जोडीतली दोन्ही टोकन यादीत असली तर दोन्ही बाजूंची सरासरी धरतात, एकच असलं तर त्या बाजूची रक्कम, आणि एकही नसलं तर ट्रॅक्ड व्हॉल्यूम (म्हणजे हिशोबात धरलेला) सरळ शून्य. कचरा टोकन गाळायला हे शहाणपणाचंच आहे, पण हे माहीत नसलेला माणूस दोन नव्या टोकनच्या पूलसमोर शून्य बघून डोकं खाजवत बसतो.

आता खरी लढत डिफायलामा आणि ड्यूनची.

डिफायलामाचं मोठं सुख म्हणजे काहीच करावं लागत नाही. व्हॉल्यूमसाठी की नको, अकाउंट नको, एक यूआरएल मारली की सगळ्या डेक्सचा 24 तासांचा, 7 दिवसांचा व्हॉल्यूम, टक्क्यांतला बदल, चेननुसार फोड, सगळं जेसन फॉरमॅटमध्ये हातात. जुना चार्ट नको असेल तर तो वगळायचा पॅरामीटर आठवणीने टाका, नाहीतर उत्तर उगाच अवाढव्य येतं. प्रत्येक डेक्ससाठी आकडा गोळा करणारा एक छोटा कोड, म्हणजे अडॅप्टर, असतो आणि ते सगळे गिटहबवर उघडे आहेत, म्हणजे आकडा चेनवरच्या लॉगमधून (व्यवहारांच्या नोंदींतून) घेतलाय, सबग्राफमधून घेतलाय की त्या डेक्सच्या स्वतःच्या एपीआयमधून, हे वाचून कळतं. अॅग्रीगेटरचा (अनेक डेक्स धुंडाळून ट्रेड लावणाऱ्या सेवेचा) व्हॉल्यूमही ते वेगळा ठेवतात, आणि ते बरंच आहे, कारण अॅग्रीगेटरमधून गेलेला ट्रेड शेवटी बऱ्याचदा कुठल्यातरी डेक्सच्या पूलमध्येच होतो, दोन्ही बेरजा एकत्र केल्या तर तोच पैसा दोनदा मोजला जाणार.

ड्यूनमध्ये एसक्यूएल (डेटाबेसची क्वेरीभाषा) लिहावं लागतं, इथेच निम्मे लोक गळतात. ज्यांना येतं त्यांच्यासाठी डेक्स डॉट ट्रेड्स नावाचं एक टेबल आहे, त्यात अनेक चेन आणि अनेक डेक्सचे स्वॅप (टोकनच्या अदलाबदली) एकाच साच्यात बसवलेले, प्रत्येक ओळीला प्रोजेक्ट, व्हर्जन, दोन्ही टोकन, डॉलरमधली रक्कम आणि ट्रान्झॅक्शनचा हॅश (त्याची एकमेव ओळख). ते टेबल कसं बनतं तो कोडसुद्धा स्पेलबुक नावाच्या रिपॉझिटरीत उघडा आहे. क्वेरी चालवली की क्रेडिट (ड्यूनच्या वापराचा कोटा) जातात, म्हणून चेन आणि तारखेचा फिल्टर लावल्याशिवाय चालवू नका, आणि स्क्रिप्टमधून दर वेळी नव्याने चालवण्यापेक्षा दिवसातून एकदा चालवून नंतर साठवलेला निकालच ओढा.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की मग डिफायलामाच घ्या की, कशाला ताप. मीही बरेच दिवस याच मताचा होतो.

मला खटकायला लागलं ते तयार आकडा देणाऱ्या सगळ्याच सोर्सबद्दल. शीटमध्ये एखाद्या छोट्या डेक्सचा व्हॉल्यूम एका दिवसात अचानक कैक पटीने उडालेला दिसतो, ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतं "हे काय झालं रे?" आणि आपल्याकडे सांगायला काहीच नसतं, कारण आपल्याकडे फक्त बेरीज आहे, बेरजेतल्या ओळी नाहीत. एकदा अशीच उडी एका भलत्याच सेवेच्या आकड्यात आली होती (वरच्या तिघांपैकी नाही, नाव राहू दे), तेव्हा ड्यूनवर त्याच डेक्सचे त्या दिवसाचे ट्रेड काढले आणि रकमेनुसार नाही तर टोकनच्या संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावले. वरच्या ओळींमध्ये तेच एक टोकन पुन्हा पुन्हा, तीच दोन-तीन वॉलेट आलटून पालटून, एका बाजूला रॅप्ड इथरचा (इथरच्याच टोकनरूपाचा) जेमतेम एखादा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधी टोकन. इथरच्या बाजूने हिशोब केला तर किरकोळ ट्रेड, त्या टोकनच्या फुगलेल्या भावाने केला तर छप्पर फाडून वर. त्या सेवेने बहुधा दुसऱ्या बाजूने हिशोब धरला असावा. हॅश उचलून एक्सप्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) टाकला, तिथेही तेच दिसलं, विषय मिटला. एक अट वाढवून ते टोकन क्वेरीतून वगळलं की झालं.

तेव्हापासून ज्या आकड्याला उघडून आत बघता येत नाही तो शीटमध्ये टाकताना हात थोडा अडखळतो. अडॅप्टरचा कोड वाचून पद्धत कळते हे खरं, पण त्या दिवशी नेमकं काय घडलं ते पद्धतीवरून कळत नाही ना.

अर्थात ओळी मिळाल्या म्हणून सगळं सुखाचं होत नाही. ज्या टोकनचा भाव उपलब्ध नाही त्या ओळीत डॉलरची रक्कम नल (रिकामी) असते आणि बेरीज नलला गुपचूप सोडून देते, म्हणून किती ओळी नल आहेत त्याचा एक कॉलम मी शेजारीच ठेवतो. दुसरं, एखाद्याने ए टोकन देऊन यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनमार्गे बी घेतलं तर ते एकाच ट्रान्झॅक्शनमधले दोन स्वॅप आणि टेबलात दोन ओळी, पूलचा व्हॉल्यूम म्हणून ते बरोबर आहे पण "लोकांनी किती ट्रेड केला" असं विचाराल तर फुगलेलं. हे सगळं टाळून थेट नोडवरून (चेन चालवणाऱ्या संगणकावरून) लॉग वाचणारेही आहेत, त्यांना सलाम, पण यूएसडीसीला 6 दशांश स्थळं आणि रॅप्ड इथरला 18, युनिस्वॅप व्ही3 मध्ये पूलबाहेर जाणारी रक्कम ऋण, हे सांभाळत बसायची माझी तरी तयारी नाही.

तर तुम्हाला वीस चेनचा एक तक्ता हवाय, एसक्यूएलशी वैर आहे, आकडा साधारण बरोबर असला की भागतंय, तर डिफायलामा घ्या, खरंच, ड्यूनच्या वाटेला जायची गरज नाही, आणि बहुतेकांचं काम एवढंच असतं. पण ज्यांना आकड्यासाठी कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं त्यांनी निदान एक वीकेंड ड्यूनला देऊन बघावा असं मला वाटतं. माझी रोजची शीट तिथूनच भरते, डिफायलामा शेजारच्या कॉलममध्ये पडताळणीला असतो.

दोन्ही कॉलम तंतोतंत जुळतील ही अपेक्षा मात्र सोडा. आजची ओळ टाकून द्या, यूटीसीप्रमाणे दिवस संपेपर्यंत ती अर्धवटच असते. मागच्या दिवसांत थोडा फरक चालतो, पण एखाद्या डेक्समध्ये मोठा दिसला तर भाव-बिव तपासायच्या आधी व्हर्जन बघा, डिफायलामात युनिस्वॅपची व्हर्जन वेगवेगळ्या नावांनी येतात आणि ड्यूनमध्ये प्रोजेक्ट एकच, व्हर्जनचा कॉलम वेगळा, आणि क्वेरीत तो धरायचा राहिला की व्ही2, व्ही3, व्ही4 सगळ्यांची बेरीज एकाच नावाखाली येऊन बसते.