ठासणीची जुनी बंदूक कुठून घ्यावी: अँटिक मॉल, पॉन शॉप की गावातले बंदुकीचे दुकान?

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, दक्षिणेकडच्या लँकेस्टर, ॲडम्सटाउन आणि गेटिसबर्ग या भागात शनिवारी गाडी काढून हिंडले, तर काळ्या दारूच्या (जुन्या, धूर करणाऱ्या गनपावडरच्या) आणि तोंडातून ठासून भरायच्या जुन्या बंदुका तीन प्रकारच्या दुकानांत दिसतात: अनेक विक्रेत्यांचे गाळे एकाच छपराखाली असलेले अँटिक मॉल, गहाणवटीची दुकाने म्हणजे पॉन शॉप, आणि शिकारीचे सामान विकणारी गावातली बंदुकीची दुकाने. पहिलीच बंदूक घेणारा माणूस या तिन्ही ठिकाणच्या किमतींची तुलना करतो आणि गोंधळतो, कारण तिथे मिळणारा माल मुळात एक नसतो. आपल्याला बंदूक भिंतीवर लावायची आहे की तिने बार काढायचा आहे, हे घरीच ठरवून निघावे; दुकानाची निवड त्यानंतर आपोआप सोपी होते.

या भागात हा माल इतका सापडतो याला दोन वेगळी कारणे आहेत. अठराव्या शतकात लँकेस्टर परिसरातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब, अष्टकोनी, आट्यांच्या (आतून पीळदार खाचांच्या) नळीची चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, रायफल घडवली, आणि त्या परंपरेतली जुनी हत्यारे आजही घराघरांतून बाहेर पडतात. दुसरे कारण अगदी अलीकडचे आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्याने १९७४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी फक्त चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम सुरू केला, आणि त्यामुळे नव्याने बनवलेल्या चकमकीच्या रायफली इथे ज्या प्रमाणात विकल्या गेल्या, तशा इतर राज्यांत क्वचितच विकल्या गेल्या असतील. पहिल्या कारणाचा माल अँटिक मॉलमध्ये येतो, तर दुसऱ्याचा बंदुकीच्या दुकानात.

अँटिक मॉलमध्ये काचेच्या कपाटाला कुलूप असते, किल्ली गल्ल्यावरच्या बाईंकडे असते आणि गाळ्याचा मालक सहसा हजर नसतो. त्यामुळे प्रश्न विचारायला कोणी नसते आणि घासाघीसही थोडीच होते. चिठ्ठीवर ‘यादवी युद्धातील मस्केट’ (अमेरिकी यादवीतल्या सैनिकाची लांब, एकनळी बंदूक) असे लिहिलेले असले, तरी एकमेकींशेजारी दोन नळ्या दिसल्या की ती युद्धातली मस्केट नाही हे समजावे. बहुतेक वेळा ती एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांना विकलेली केपाची (घोडा आपटल्यावर पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची) दुनळी शॉटगन असते, आणि नळ्यांखाली अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही अक्षरे व तारा सापडला, तर ती बेल्जियममधल्या लिएजच्या तपासणीगृहातून पास झालेली आहे. अशा दुनळीला संग्राहकांत फारशी किंमत नाही. पण दिवाणखान्यात लावायला इतक्या कमी पैशांत इतकी खरी जुनी वस्तू दुसरी मिळणार नाही, असे माझे मत आहे. शिंपल्यांनी आणि पितळेच्या पत्र्यांनी मढवलेल्या अफगाणी बंदुकाही या कपाटांत असतात. २००१ ते २०२१ या काळात अमेरिकी सैनिकांनी अफगाणिस्तानातल्या बाजारातून आणलेल्या या मालातला पुष्कळसा भाग पर्यटकांसाठी जुळवलेला असतो, आणि घोडा, म्हणजे आपटून बार पेटवणारा खटका, ज्या पट्टीवर बसतो तिच्यावरचा ईस्ट इंडिया कंपनीचा सिंहही बऱ्याचदा अलीकडेच कोरलेला असतो. मराठी माणसाचा हात तिथे हमखास रेंगाळतो. रेंगाळू द्यावा, पण पाकीट खिशातच ठेवावे.

अशा दुकानांतला खरा धोका पैशांचा नाही. ठासणीच्या बंदुका पूर्वी भरून ठेवत असत, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. म्हणून कपाटातून काढलेली बंदूक हातात घेताच नळीचे तोंड माणसांपासून दूर धरावे, घोडा आणि चाप यांना हात लावू नये, परवानगी घेऊन नळीत लाकडी काठी अलगद सोडावी आणि ती तळाला टेकली की नळीच्या तोंडाशी अंगठ्याने खूण पक्की धरावी. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला तशीच लावायची. काठीचे टोक कानापर्यंत, म्हणजे रंजक जिथून आत पेटते त्या छिद्रापर्यंत, पोहोचले तर नळी रिकामी आहे. ते एकदोन इंच अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. दुनळीच्या दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. आत काही आढळले तर ते उकरण्याचा प्रयत्न न करता दुकानदाराला सांगावे आणि काम कुशल गनस्मिथवर सोपवावे. मी पाहिलेल्या एका दुनळीची उजवी नळी रिकामी होती आणि डाव्या नळीत काठी तीन बोटे आधीच अडली. ती कपाटात किती वर्षे होती ते गल्ल्यावरच्या बाईंनाही सांगता येईना.

बंदुकीच्या दुकानात दर्शनी भाग आधुनिक रायफलींचा असतो, आणि काळ्या दारूचा माल मागच्या कोपऱ्यात, कोणीतरी बदल्यात देऊन गेलेला असा उभा असतो. तो शोधायला जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत जावे, कारण नाताळनंतर सुरू होणारा चकमकीचा हंगाम तेव्हा संपलेला असतो आणि कंटाळलेले शिकारी आपली हत्यारे विकायला काढतात. थॉम्पसन सेंटर कंपनीने १९७० मध्ये आणलेली हॉकेन रायफल, लायमनच्या रायफली, इटलीच्या पेडरसोलीच्या प्रतिकृती ही इथली नेहमीची नावे आहेत. यातले काहीच ‘जुने’ या अर्थाने जुने नाही. पण बार काढायचा असेल तर मी यातलीच एक घेईन, आणि अस्सल जुन्या नळीवर स्वतःचे डोळे पणाला लावणार नाही.

इथे दोष वेगळ्या ठिकाणी असतो. लाकूड चकचकीत असते, पितळ झळाळते आणि नळी आतून खलास झालेली असते. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होऊन उरतो, त्यातले क्षार हवेतली ओल ओढतात आणि लोखंड खातात. नुसत्या तेलाने हे भागत नाही. पाणी लागते, तेही गरम असलेले बरे. आधीच्या मालकाने पाण्याचा कंटाळा केला की नाही, हे पाहण्यासाठी स्वच्छ कापडाची चिंधी गजावर घट्ट बसवून नळीतून एकदा फिरवावी. तळाजवळ हाताला खरखर लागली आणि चिंधी तांबूस बाहेर आली, तर कितीही सवलत मिळाली तरी ती रायफल घेऊ नये. याच दुकानात, आणि फक्त याच दुकानात, तुम्हाला नळीत दिवा सोडून पाहू देतात, रिकामी असल्याची खात्री झाल्यावर घोडा अर्धा ओढल्यावर तिथे टिकतो का हेही तपासू देतात. पाचपन्नास डॉलर जास्त गेले तरी ही मुभा त्या मोलाची आहे.

चकमकीची घ्यावी की केपाची, हा प्रश्न याच कोपऱ्यात उभे राहून सोडवावा लागतो. पायरोडेक्ससारखे पर्यायी चूर्ण सहज मिळते, पण ते पेटायला खरी दारू पेटते त्यापेक्षा जास्त उष्णता लागते आणि चकमकीच्या ठिणगीला ते नीट दाद देत नाही. म्हणजे चकमकीसाठी खरी काळी दारूच हवी, आणि ती ठेवणारी दुकाने थोडी आहेत. पेन्सिल्व्हेनियाच्या त्या हंगामात शिकार करायची नसेल, तर केपाची रायफल सोपी पडते. आधुनिक बिनधुराची दारू मात्र यातल्या कोणत्याही बंदुकीत, चिमूटभरसुद्धा, घालू नये, नळी फुटते.

पॉन शॉपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिथे बहुतांश कोल्टच्या नमुन्याची इटालियन रिव्हॉल्व्हरे येतात आणि दुकानदाराला त्यांची माहिती बेताची असते, जे कधी आपल्या फायद्याचे असते, कधी नसते. इटालियन नळीवर चौकटीत वर्षाची खूण असते: एक्सएक्स म्हणजे १९६४, एए म्हणजे १९७५. अशी खूण दिसली, किंवा ती असायला हवी तिथे कानशीने घासल्याचा खड्डा दिसला, तर ‘आजोबांच्या काळची’ ही कहाणी तिथेच संपते. पितळी चौकटीचे (नळी आणि चक्र धरणारा सांगाडा पितळेचा असलेले) रिव्हॉल्व्हर स्वस्त मिळते, पण भारी बारांनी ती चौकट हळूहळू सैल होते. नळी हाताने हलवून पाहावी.

कायद्याचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. १९६८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक आणि तयार काडतूस न वापरणारी ठासणीची प्रतिकृती सर्वसाधारणपणे ‘अँटिक’ गणली जाते. राज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांनी पेन्सिल्व्हेनियात खरेदी करण्यापूर्वी आपल्या राज्याचे नियम वाचावेत, कारण तिथे काळ्या दारूच्या प्रतिकृतींनाही परवान्याची कागदपत्रे लागतात. कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. भारतात ठासणीची बंदूकही परवान्याच्या कक्षेत येते. ती सामानात घालून पुण्याला न्यायचा विचार कोणी मनातही आणू नये.

तेव्हा भिंतीसाठी अँटिक मॉलमधली बेल्जियन दुनळी आणि चांदमारीसाठी फेब्रुवारीत बंदुकीच्या दुकानातली वापरलेली हॉकेन, असा माझा सल्ला आहे. अस्सल लँकेस्टर रायफल किंवा अस्सल कोल्ट या तिन्हींपैकी कुठेच पहिल्या फेरीत घेऊ नये, ते जाणकाराला सोबत घेऊन करायचे काम आहे. आणि जुनी घेतलीच, तर तिचा तपकिरी गंज-रंग पॉलिशने उडवू नये. निम्मी किंमत त्या रंगात असते. निघताना हार्डवेअरच्या दुकानातून ५/१६ इंच जाडीची, ४८ इंच लांब लाकडी काठी घ्यावी. त्याहून जाड काठी बारीक नळीच्या रायफलीत शिरत नाही, आणि त्याहून आखूड घेतली तर लँकेस्टरच्या लांब नळीत ती तळापर्यंत जाते खरी, पण बाहेर काढायला हातात काही उरत नाही.