‘सिझन केलेली’ स्ट्रेट एज आणि माझे सोळा हजार

रत्नागिरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मिरकरवाड्याच्या बोटींचे शाफ्ट, विंचचे बुश, असली कामं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्याला आणि शाफ्ट आमच्या दारात. त्याआधी जुन्या लेथचा बेड, म्हणजे हत्यार धरणारं सॅडल ज्यावरून सरकतं तो पाया, हाताने स्क्रॅप करून, म्हणजे खरवडून सरळ करून घ्यायचा, असा यंदा मी हट्ट धरला होता. एप्रिल अर्धा सरलेला. घाईतलं गिऱ्हाईक विकणाऱ्याला वासावरून कळत असावं.

बेड स्क्रॅप करायला बिडाची स्ट्रेट एज, म्हणजे सरळपणा तपासायची पट्टी लागते. पाठीवर उंटासारखी कमान, म्हणजे स्वतःच्या वजनाने ती झुकत नाही. इकडे कुणाकडे मागितली की लोक स्टीलची फूटपट्टी पुढे करतात. शेवटी मोबाइलवर घाटावरचा एक विक्रेता सापडला. तीन फुटी, बंद पडलेल्या कारखान्यातली, वीस वर्षं सिझन झालेली, म्हणजे आतला ताण निघून गेलेली, हाताने स्क्रॅप केलेली. त्याने व्हिडिओ पाठवला: सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळा रंग लावला (जिथे टेकेल तिथेच तो उमटतो), पट्टी घासली, उलटी केली, तर टोकापासून टोकापर्यंत निळी! "साहेब, आणखी दोघं विचारतायत." मी सगळे पैसे यूपीआयने पाठवले. सोबत आलेल्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवरचा नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. मी तो पाहिला, आणि टायपिंगची चूक असेल असं स्वतःलाच समजावलं.

पुढचं जास्त लागतं. लेथचा बेड चकच्या, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याच्या बाजूला झिजतो, तिथे खळगा पडतो. मी निळा लावून पट्टी ठेवली, तर खळग्यातही छान ठिपके उमटले. वाटलं, नशीब, बेड फारसा झिजलेला नाही. आठ दिवस खरवडत बसलो. हात सोलले. मग चाचणीला शाफ्ट कातला, तर चकजवळ एक माप आणि पुढे दुसरंच.

शेजारचे निवृत्त फिटर, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांना बोलावलं. त्यांनी पट्टी मित्राच्या ग्रॅनाइट प्लेटवर ठेवायला लावली आणि एका टोकाला नुसतं बोट लावून आडवं ढकललं. सरळ पट्टी अशा वेळी दुसऱ्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर फिरते. आमची मधोमध फिरली, भोवऱ्यासारखी. "पोट सुटलंय हिचं," काका म्हणाले. "उलट असती, मध्ये खोलगट, तर पार टोकावर फिरली असती." टोकाखाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचं) ०.०५ मिलिमीटरचं पान सहज सरकलं. म्हणजे पट्टीचं पोट माझ्या बेडच्या खळग्यात नेमकं बसत होतं, आणि मी त्या झिजेलाच पॉलिश करत होतो.

मग काकांनी चाकूने रंग खरवडला. रिबच्या (पाठीवरच्या आडव्या फासळीच्या) कोपऱ्यात मोल्डिंगची वाळू तशीच चिकटलेली. ओतताना हवेने पडलेल्या एका भोकात (ब्लोहोलमध्ये) पुट्टी भरलेली, नख लावलं तर पापुद्रा निघाला. खालचे स्क्रॅपिंगचे ‘ठसे’ हँड ग्राइंडरने मारलेले, सगळे एका दिशेने. पट्टी नवीकोरी ओतलेली होती. ओतीव बिडातला ताण काढायला ते ५५० ते ६०० अंशांवर तापवून सावकाश थंड करतात, किंवा वर्षानुवर्षं उघड्यावर टाकतात. ते न करता मशीनिंग केलं की पट्टी पुढे महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहते.

आणि तो व्हिडिओ? परत पाहिला. निळा इतका जाड होता की विकणाऱ्याच्या नखापर्यंत चढला होता. तेवढ्या निळ्यात विळीसुद्धा सरळ दिसेल. निळा कापसाने पुसून जेमतेम छटा राहील इतका पातळ हवा. मागवायचीच असेल तर बोटाने ढकलण्याचा व्हिडिओ मागा, दोन्ही टोकांनी, आणि शक्यतो निम्मे पैसे माल हातात आल्यावर. खरं तर स्वतः जा. आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचा एक दिवस मी वाचवला होता. आणि पट्टी घेऊन आल्यावर लगेच वापरू नका, उन्हातून आणलेली बीडपट्टी रात्रभर शेडमध्ये थंड होऊ द्या. मीटरभर बीड एका अंशाला साधारण अकरा मायक्रॉन वाढतं, आणि एक बाजू गरम, एक थंड असली की चांगली पट्टीही वाकडी दाखवते.

विक्रेत्याचा नंबर लागत नाही. तक्रार १९३० वर नोंदवली आहे. खरवडलेलं बीड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे बेड आणखी खाली न्यावा लागणार. १ ऑगस्टला बोटी दर्यात गेल्या. त्यांचे शाफ्ट दुसऱ्याने कातले. माझं सॅडल अजून बाकावर उताणं पडलंय.