स्पंज की एचओबी? गोल्डफिशच्या कानांचाही विचार करा

दोन फुटी टँक, दोन गोल्डफिश, आणि प्रश्न नेहमीचाच: मागच्या काचेवर टांगायचा एचओबी (हँग-ऑन-बॅक) फिल्टर घ्यावा की एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर? पाणी कोण जास्त स्वच्छ ठेवतं यावर सगळे बोलतातच. मी दोन्ही वापरलेत आणि माझा निर्णय झाला तो आवाजावरून, म्हणून तेवढंच लिहितो.

गोल्डफिशला कान दिसत नाहीत, पण ऐकण्यात तो भलताच तयार आहे. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. ऑस्करसारख्या सिक्लिड कुळातल्या माशाला ती सोय नाही. २००४ मध्ये गोल्डफिशना तीन आठवडे मोठ्या आवाजात ठेवून पाहिलं, तर ऐकणं पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. आपल्या घरातला आवाज त्याच्या जवळपासही नसतो, हे मान्य. पण त्यांना तो चोवीस तास ऐकावा लागतो.

एचओबी तसा गुणी. कचरा ओढतो, पाणी नितळ ठेवतो, नवा असताना त्याचा आवाजही येत नाही. माझं बिनसलं ते मे महिन्यात. पाणी दोन बोटं उतरलं की त्याची धार वरून पडायला लागते, ते एक वेळ चालेल. पण अशात वीज जाऊन आली, की फिल्टरच्या डब्यातलं पाणी उतरलेलं असतं आणि मोटर कोरडीच फिरते. खर्रर्र! मी काचेला हात लावला तर तळव्याला मुंग्या आल्या. दोन्ही मासे पार लांबच्या कोपऱ्यात, तळाशी, वरचा पंख पाडून बसलेले. डब्यात मगभर पाणी ओतलं की मोटर शांत व्हायची. पण मी ऑफिसात असताना मग कोण ओतणार? एकदा संध्याकाळी घरी आलो तर ही खरखर चालूच होती. किती तास चालली असेल, कोणास ठाऊक.

स्पंजही मुका नाही. पंप टँकच्याच टेबलावर ठेवला होता तेव्हा टेबलाबरोबर काचही घुमायची. पण पंप टँकपासून लांब ठेवता येतो, आणि एचओबीला काच सोडता येत नाही. मी तो सुतळीने भिंतीतल्या खिळ्याला टांगला, पाण्याच्या पातळीपेक्षा वर, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येत नाही. आता काचेला हात लावला तर काही जाणवत नाही. बुडबुड्यांची भडभड होती, ती स्पंजच्या नळीत एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) घातल्यावर पुष्कळ कमी झाली. वीज आली की बिचारा आपोआप सुरू होतो. दर आठवड्याला टँकच्याच पाण्यात पिळायचा मात्र कंटाळा येतो, आणि गोल्डफिश घाण किती करतात ते सांगायला नको. मी दोन स्पंज लावलेत, आलटून पालटून पिळतो.

माशांना गाणी लावावीत का, असंही लोक विचारतात. २००१ च्या एका प्रयोगात कोई माशांना ब्लूज आणि शास्त्रीय संगीत यांतला फरक ओळखायला शिकवलं होतं. ओळखलं म्हणजे आवडलं असं नाही. खोलीतल्या हवेतला आवाज बहुतेक पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो, त्यामुळे हॉलमध्ये रेडिओ लागला म्हणून घाबरू नका. स्पीकर तेवढा टँकच्या टेबलावर नको. मुलाचा ब्लूटूथ स्पीकर मी तिथून उचलला, तेव्हा तक्रार फक्त मुलाने केली.

घरी इन्व्हर्टर असेल आणि दिवसाआड पाणी भरायची सवय असेल, तर एचओबी घ्यायला हरकत नाही, कदाचित तुम्हाला तोच बरा वाटेल. माझा तरी माळ्यावर पडलाय. अशा कोणाला हवा असेल तर घेऊन जा.