कॉलेजच्या गेटवर माझे ६१,५०० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायला महिना लागला कारण लाज वाटते. पण पुढच्या वर्षी ॲडमिशनच्या रिपोर्टिंगचे दिवस आले की सीट मिळवून देतो म्हणणारी ही माणसं परत गेटवर उभी राहणार, म्हणून लिहितोय.

बहिणीला कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज लागलं, तेही कॉम्प्युटर. हजार रुपये भरून सीट ॲक्सेप्ट केली, आता फक्त ओरिजिनल कागदपत्रं घेऊन पाचच्या आत रिपोर्टिंग करायचं होतं. शेवटच्या दिवशीच का गेलात असं जो तो विचारतो. अहो, आरक्षणासाठी लागणारं नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट आदल्या दिवशी संध्याकाळी हातात पडलं, मी काय करणार होतो? अंबाजोगाईहून पहाटे साडेपाचची गाडी धरली, दीड-दोनपर्यंत पोचायला पाहिजे होती, ती मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली, मागची आली ती खचाखच, तिच्या मागची दोन तासांनी. पुण्यात उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते, मग सिटी बसची चाळीस मिनिटं वाट बघितली, ती आलीच नाही, शेवटी ३८० रुपये देऊन रिक्षा केली. कॉलेजवर पोचलो पावणेसहाला. काउंटर बंद. "पोर्टल बंद झालं, आमच्या हातात काही नाही."

बहीण गेटवर रडत होती आणि तो तिथंच आला. गळ्यात लेस, हातात फाइल. "किती पर्सेंटाइल?" मी ८७.४ सांगितलं. म्हणाला इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, एक सीट शिल्लक आहे, उद्या अकराला यादी लॉक होणार, आत्ता १५,००० टाकून ठेवा. मागच्या दारानं घुसायला मी गेलो नव्हतो हे आधी समजून घ्या. खासगी कॉलेजात संस्थास्तरावरच्या जागा खरंच असतात, २० टक्क्यांपर्यंत, कायदेशीर. फक्त त्यांचीही जाहिरात येते, अर्ज भरावा लागतो, मेरिट लिस्ट लागते. गेटवर कुणी सीट "पकडून" ठेवत नसतं.

क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी ट्रेडर्सचं. बहीण म्हणाली, "दादा, हे कॉलेजचं नाव नाहीये." मी तिच्यावर खेकसलो, तुला काय कळतं, गप बस. आणि पिन टाकला. बारा तास प्रवास झालेला, पोटात काही नाही, घरी आईला काय सांगू हेच डोक्यात. पण नाव स्क्रीनवर होतं, मी वाचलं होतं, अठरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला दिसूनही मी पैसे सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी "पहिला हप्ता" म्हणून आणखी ४६,५००. व्हॉट्सॲपवर पावतीची पीडीएफ आली. कॉलेजच्या ऑफिसात दाखवली तर क्लार्कनं अर्ध्या मिनिटात परत केली, आमची नाही म्हणे. तोवर त्याचा फोन बंद.

चौकीत गेलो तर हवालदार म्हणतो, "डोनेशन द्यायला तुम्हीच गेलात ना?" कॅपिटेशन फीच्या, म्हणजे ॲडमिशनसाठी घेतलेल्या डोनेशनच्या, विरोधात १९८७ पासून कायदा आहे या राज्यात, आणि हा मलाच आरोपी करतोय! तिथून सायबर पोलिसांकडे जा, सायबरमधून तुमच्या जिल्ह्यात तक्रार करा, जिल्ह्यात म्हणतात गुन्हा पुण्यात घडला. बँकेत नुसता अर्ज घेतला, पोचही मागून घ्यावी लागली. कॉलेज म्हणतं गेटबाहेरचं आम्ही बघत नाही, पण रोज तिथं उभा असलेला माणूस तुमच्या वॉचमनला दिसत नाही? गाडी बंद पडल्याचं लेखी द्या म्हणून डेपोत गेलो, तर असं काही देत नाही म्हणून हाकललं. कुणी एक कागद दिला नाही हो, सगळ्यांनी फक्त पुढचं दार दाखवलं.

पैसे गेले की आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, त्याच मिनिटाला. मी चौथ्या दिवशी लावला, तोवर खातं रिकामं झालं होतं. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर) आणि स्क्रीनशॉट डिलीट करू नका. फी कॉलेजच्या खात्यातच, काउंटरवर पावती हातात घेऊन. आणि लांबून येणाऱ्यांनो, कसंही करून आदल्या रात्री पुण्यात पोचा, सकाळच्या गाडीच्या भरवशावर ॲडमिशन सोडू नका.

बहिणीनं आता गावातच बीएस्सीला नाव घातलंय. स्क्रीनवरच्या त्या ट्रेडर्सच्या नावाबद्दल ती आजपर्यंत मला एक शब्द बोललेली नाही.