एकच तळ की रोज नवा मुक्काम?
डोंगरात घोड्यावरून भटकायचं, तर एका जागी तळ ठोकून रोज फेरी मारायची की बिऱ्हाड लादून पुढे सरकायचं?

पुढे सरकण्यात मजा मोठी, पण भार जनावरावर. स्वार, खोगीर, सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांपलीकडे ओझं नको. 450 किलोच्या घोड्यावर 90 किलो. तंबू आणि दाणा त्यात बसतच नाही, वेगळं खेचर लागतं. शिवाय घोडा दिवसाला 25 लिटर पाणी सहज पितो, म्हणजे प्रत्येक मुक्काम पाण्याजवळच हवा.

नवख्यांनी तळच निवडावा, हे माझं ठाम मत. मांड पक्की असलेल्यांनी खुशाल पुढे जावं. तळावर संध्याकाळी खोगीर उतरवून तंगाखालची, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याखालची, कातडी निवांत चाचपता येते. सोलवटली असेल तर उद्या त्या घोड्याला सुट्टी.